सहीशिक्क्याचा आंबा

लिंबागणेशच्या त्रिंबकराव पटवाऱ्यांना जगातली कुठलीच गोष्ट नुसती बघता येत नसे. ते तिची पाहणी करत. लग्नाला जाऊन आले आणि सरस्वतीबाईंनी विचारलं, "नवरी कशी हाय?" तर हे सांगणार, "मांडव नऊ खांबी होता. त्यातला एक खांब शेजाऱ्याच्या हद्दीत गेलता." नवरी होती की नव्हती, याची नोंद नाही. वीस वर्षं गावाचं दप्तर सांभाळलं की माणसाचा डोळा असा होतो, त्याला कोण काय करणार? कुणी रातोरात बांध वीतभर कोरला तर त्रिंबकरावांना तो सकाळी तांब्या घेऊन जाताना कळायचा. आणि माणूस सचोटीचा, हे मात्र कबूल करायला हवं. वीस वर्षांत दप्तरात एक खोटं अक्षर घातलं नाही, असं ते भेटेल त्याला सांगत, आणि ज्याला आधी सांगितलंय त्यालाही सांगत.

तर अशा या गृहस्थांना सरकारी हुकूम आला, की बीडला या आणि चित्रं बघा.

झालं होतं असं, की बीडला नवीन आलेले तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे मालकच, मोठे शौकीन निघाले. त्यांनी कचेरीमागच्या जुन्या बंगल्यात अजायबखाना उघडला. तीन खोल्या भरून चित्रं आणि दारात पेंढा भरलेला वाघ. तीन महिन्यांत तो बघायला आत गेल्या त्या फक्त शेजारच्या दोन शेळ्या, आणि त्यांनी वाघाचा पेंढा खाल्ला. साहेबांना अपमान सोसवेना. त्यांनी फर्मान काढलं: प्रत्येक गावच्या पटवाऱ्यानं सहकुटुंब हजर राहून चित्रं पाहावीत आणि पंधरा दिवसांत लेखी कळवावं. काय कळवावं ते हुकुमात नव्हतं.

सरस्वतीबाई हरखल्या. छकडा जुंपला, दशम्या बांधल्या, लोणच्याची बरणी घेतली. पालीला नदीकाठी बैल सोडून दोघं जेवले. लोणच्याची फोड तोंडात टाकून त्रिंबकराव नेहमीसारखे म्हणाले, "आंबा असावा तर चकलांब्याचा. काय कडक कैरी, वा!" चकलांबा हे सरस्वतीबाईंचं माहेर. दरसाल लोणचं तिथून यायचं. सरस्वतीबाई म्हणाल्या, "खावा गुमान," आणि नदीकडं बघत बसल्या.

अजायबखान्याच्या दारात चपराशी बसला होता. "हात नका लावू साहेब, नजर लावा," एवढं सांगून तो परत डुलक्या घेऊ लागला. त्रिंबकरावांनी नजर लावली. पहिलं चित्र घोड्यावर बसलेल्या एका सरदाराचं. त्रिंबकरावांनी ते पुढून बघितलं, मग वाकून बघितलं, मग म्हणाले, "घोड्याचे पाय तीन. चौथा मागं असावा, पण खात्री देता येत न्हाई." पुढं दरबाराचं मोठं चित्र होतं. त्यांनी खांब मोजले, झुंबरं मोजली, आणि गालिच्याचं एक टोक दुमडलेलं शोधून काढलं, तेव्हा त्यांना अगदी सार्थक झाल्यासारखं वाटलं.

"आन त्यो बघा की," सरस्वतीबाई हळूच म्हणाल्या. "मागल्या रांगेतला हुजऱ्या. समदे राजाकडं बघायलेत आन ह्याचा डोळा पेढ्याच्या ताटावर."

त्रिंबकरावांनी बघितलं. खरंच होतं. पण हुजऱ्या ही काही पाहणीत घ्यायची बाब नव्हे, म्हणून ते पुढं गेले. पुढं एक गोरी मडम खिडकीत बसलेली. खिडकीबाहेर शेत. "पीक उभं हाय अन राखणदार न्हाई," त्रिंबकराव म्हणाले.

"तिच्या चहावर साय धरली हो," सरस्वतीबाई म्हणाल्या. "कवापासून कुनाची वाट बघायली बिचारी."

"चहा कुठंय?"

"तिच्या कोपरापाशी."

कोपरापाशी कप होता. त्रिंबकरावांना तो दिसला नव्हता. बायकोला दिसावा आणि आपल्याला दिसू नये, याचं त्यांना जरा लागलं. आता पुढच्या खोलीत काही म्हणजे काही सुटू द्यायचं नाही असं ठरवून ते तिसऱ्या खोलीत शिरले आणि जागच्या जागी उभे राहिले.

समोर आंबा होता. कुठलातरी आंबा नव्हे, त्यांचा आंबा. तीच वीज पडून करपलेली फांदी, तोच बुंध्यापाशी कललेला हद्दीचा दगड. खाली पाटी: 'लिंबागणेशनजीक आंबा. माहे खुरदाद, सन १३३२ फसली.' म्हणजे तीन वर्षांमागं, ऐन कैरीच्या दिवसांत काढलेलं.

आता या आंब्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पटवारी का थबकले ते कळायचं नाही. त्रिंबकरावांचं शेत आणि मुंजाजीचं शेत, मधे बांध, आणि बांधावर आंबा. मुंजाजी हा लहानपणचा मैतर, एका ताटात जेवलेला. अकरा वर्षांमागं एका पाडाच्या आंब्यावरून दोघांची जुंपली. झाड माझं, झाड माझं करत करत दोघंही गणपतीच्या देवळासमोर जाऊन उभे राहिले आणि शपथ घेतली, की मी कैरी तोडणार न्हाई अन तुला तोडू देणार न्हाई. तेव्हापासून बोलणं बंद. गावच्या नकाशात बांधाची रेघ बरोबर झाडाच्या मधोमध गेलेली. नकाशा त्रिंबकरावांच्याच दप्तरात, लेखणी त्यांच्याच कानावर. रेघ केसभर सरकवली असती तर झाड घरात आलं असतं. अकरा वर्षांत त्यांनी ती सरकवली नाही.

आणि तरी दरसाल मृगापर्यंत झाडावर एक कैरी शिल्लक राहत नसे. दरसाल फळझाडांच्या पाहणीत त्रिंबकराव लिहीत: 'फळ वानरांनी नेले.' मुंजाजीही गावभर तेच सांगे. वानरांच्या बाबतीत दोघांचं दुमत नव्हतं.

आणि आता या चित्रात बांध झाडाच्या पलीकडून गेला होता! पलीकडून, स्वच्छ, मुंजाजीच्या बाजूनं! आंबा पटवाऱ्याच्या शेतात उभा, सरकारी भिंतीवर, सोनेरी चौकटीत!

"सरस्वती! बघितलंस का?"

सरस्वतीबाईंनी बघितलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी पदर पार नाकापर्यंत ओढला. "चला की हो, तिकडं वाघ हाय."

"वाघ जाऊ दे खड्ड्यात! बांध बघ, बांध!"

"शेळ्यांनी खाल्लेला वाघ कुनी बघितलाय? चला म्हंते मी!"

पण त्रिंबकराव हलले नाहीत. त्यांनी दगड बघितला, फांदी बघितली, आकाशातले दोन कावळे बघितले. त्यांची सगळी पाहणी झाडाच्या वरच्या अंगाला आणि पलीकडल्या बाजूला चालली होती. झाडाखाली, सावलीत, काहीतरी रंगीत होतं खरं. ते पीकपाण्यात मोडत नव्हतं, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

बीडात बंकटराव म्हणून एक वकील होते. त्यांच्याकडं त्रिंबकराव तसेच गेले. वकिलांनी सगळं ऐकून डोळे मिटले. "दावा लागू शकतो. पण मुन्सिफसाहेबांना कागद पायजे. चित्र काय कचेरीत आणता येत न्हाई, ते तालुकदारसाहेबांचं. तुमी असं करा, चित्राची सहीशिक्क्याची नक्कल काढा."

आता नक्कल म्हणजे काय नवी गोष्ट नव्हती. त्रिंबकरावांनी हयातभर लोकांना नकला दिल्या होत्या. पण नक्कल मागायच्या अर्जात रकाने असतात. दस्तऐवजाची तारीख: लिहिली. लिहून देणार कोण: औरंगाबादेकडचे एक ड्रॉइंगमास्तर, पाटीवर नाव होतं, तेही लिहिलं. दस्तऐवजाची भाषा कोणती? त्रिंबकरावांनी विचार करून लिहिलं: 'रंग.' अर्ज परत आला. रंग ही भाषा सरकारमान्य नाही. दुसऱ्यांदा त्यांनी लिहिलं: 'मुकी.' तोही परत आला. मुक्या दस्तऐवजाला दोन साक्षीदार लागतात. शेवटी कचेरीतल्या पेशकार कारकुनाला दया आली. तो म्हणाला, उर्दू लिहा आणि मोकळे व्हा, सरकारची भिंत उर्दूच असते.

नक्कलनवीस होते अब्दुल गनी. तीस वर्षं त्यांनी फक्त खतं आणि फैसले उतरवले होते. चित्र उतरवायचं म्हटल्यावर ते म्हणाले, "मला कुंचला येत नाही. मी लेखी नक्कल करीन. जे दिसेल ते लिहीन, एक नुक्ता कमी नाही की जास्त नाही." आणि त्यांनी खरोखर ते केलं. गडी स्टूल घेऊन दोन दिवस चित्रासमोर बसला. अकरा पानं झाली. 'आंब्याचे झाड एक. पाने बेशुमार. मोठ्या फांद्या सात, पैकी जळालेली एक. आकाशात कावळे दोन. एकाची पाठ आहे, तोंड दिसत नाही, सबब तो कावळाच आहे अशी खात्री देता येत नाही.' असा माणूस पटवारी व्हायला हवा होता असं त्रिंबकरावांना मनापासून वाटलं.

अक्षर मात्र असं, की कोंबडीनं शाईत पाय बुडवून पळावं. त्रिंबकरावांनी घाम गाळून चार पानं वाचली. चौथ्या पानावर बांध आला: 'बांध झाडाचे पलीकडून जातो.' त्यांनी नक्कल कपाळाला लावली आणि घडी घातली. वकिलांनीही तेवढंच वाचलं. उरलेल्या सात पानांत दुसरं काय असणार, पानंच असणार!

दावा लागला आणि लिंबागणेशला गणपतीच्या पारावर बसणाऱ्यांना कामधंदा मिळाला. गहिनीनाथ शिंपी त्रिंबकरावांना म्हणाला, "तात्या, चित्र सरकारी हाय ना? मग चित्रातलं झाडबी सरकारी झालं. उद्या तुमालाच सावलीत बसायला परवाना लागंल." ही शंका त्रिंबकरावांच्या डोक्यात आली नव्हती, आता ती जाईना. दुसऱ्यानं सुचवलं, की त्याच चित्रकाराला बोलावून झाडाखाली स्वतःला काढून घ्या, कबजा सिद्ध होईल. तिसरा म्हणाला, कावळ्यांची साक्ष काढा. या तिसऱ्याशी त्रिंबकराव पुढं दोन महिने बोलले नाहीत.

तिकडं मुंजाजीनं उलट दरख्वास्त दिली, की चित्रकाराला पटवाऱ्यानं जेवू घालून फितवलं, सबब त्यालाच हजर करा. चित्रकार बदलून हैदराबादला गेलेला. त्याला पत्र गेलं. मग कचेरीतून हुकूम निघाला, की फैसला होईतो चित्राला कुणी फेरफार करू नये. चपराशानं त्यावर चादर टाकली आणि चारी कोपऱ्यांना लाख लावली. आपल्या अजायबखान्यातलं सगळ्यांत चांगलं चित्र झाकलं म्हणून तालुकदारसाहेब भडकले आणि त्रिंबकरावांना खुलासा मागितला. त्यात, चित्रं बघून काय वाटलं ते पंधरा दिवसांत का कळवलं नाही, हाही सवाल होता. त्रिंबकरावांनी लिहिलं: 'चित्रे पाहिली. हद्दी बहुतेक ठिकाणी स्पष्ट आहेत.'

घरी सरस्वतीबाईंचं काही खरं नव्हतं. भाकरी करपायची, आमटीत मीठ दोनदा पडायचं. "जाऊ द्या की त्यो आंबा," त्या रोज म्हणत. "एका झाडापायी कावून एवढं?"

"झाडासाठी न्हाई, सरस्वती. इज्जतीसाठी."

"कुनाच्या इज्जतीसाठी?" त्या विचारत, आणि मग डोळ्याला पदर लावत. आपल्या काळजीनं बाई झुरतेय, असं वाटून त्रिंबकरावांना भरून यायचं. ते खारट आमटी मुकाट्यानं प्यायचे.

पेशीचा दिवस उजाडला. चित्र हलवता येत नाही म्हणून मुन्सिफसाहेब स्वतः अजायबखान्यात येणार होते. समन्समधे एक गोष्ट विचित्र होती: दोन्ही पक्षांनी सहकुटुंब हजर राहावं. "रिवाज असंल," बंकटराव वकील म्हणाले. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या खोलीत टेबल मांडलं होतं. मुन्सिफसाहेब म्हातारे, चष्म्यावरून बघणारे. एका बाजूला त्रिंबकराव, नवी पगडी. दुसऱ्या बाजूला मुंजाजी, दाराएवढा उंच, हातात पटका घट्ट धरून. दोघं एकमेकांकडं न बघण्यात इतके गुंतलेले, की मागं कोपऱ्यात सरस्वतीबाई आणि मुंजाजीची साखराबाई एकमेकींचा हात धरून उभ्या आहेत हे दोघांनाही दिसलं नाही.

लाख तोडली, चादर निघाली. मुन्सिफसाहेबांनी आधी हैदराबादहून आलेलं चित्रकाराचं पत्र पेशकाराकडून वाचवून घेतलं. त्यातला मजकूर असा होता:

'हुजूर, बांध खरा कुठून जात होता ते आठवत नाही. झाडाच्या अलीकडून काढला असता तर तो बायांच्या तोंडावरून गेला असता, म्हणून मी पलीकडे सरकवला. चित्राला तो तिथेच शोभतो. कावळे माझ्या मनचे. आभाळ मोकळे दिसत होते म्हणून घातले. बाया मात्र जशा होत्या तशाच उतरवल्या आहेत. दोघी सारख्या हसत होत्या, त्यामुळे त्रास झाला. त्यांनी मला भाकरी दिली, कैरीची फोड दिली, आणि गावात कुठे बोलू नका असे सांगितले. मी आजवर बोललो नाही. सरकारने विचारले म्हणून लिहितो.'

त्रिंबकरावांना पहिलं वाक्य ऐकूनच गरगरलं. बांध सरकवला! शोभण्यासाठी! वीस वर्षांत आपण केसभर रेघ सरकवली नाही, आणि या माणसानं हसत हसत अख्खा बांध उचलून पलीकडं ठेवला! बंकटराव वकील खाली वाकून आपल्या जोड्यात काहीतरी शोधू लागले. आणि मग त्रिंबकरावांच्या डोक्यात पत्रातला एक शब्द मागाहून शिरला. बाया? कुठल्या बाया?

"अब नववा पान," मुन्सिफसाहेब म्हणाले. अकराच्या अकरा पानं वाचलेला तो जिल्ह्यातला एकटा माणूस होता. अब्दुल गनींनी उभं राहून आपलं अक्षर आपणच वाचलं:

"'झाडाखाली औरती दोन. मध्ये कैऱ्यांचे ढीग तीन. दोन मोठे, सारखे. तिसरा लहान, त्यावर जास्वंदीचे फूल, सबब देवाचा असावा. पहिली औरत डावखुरी, एक गुडघा उभा करून बसली आहे, हातावर गोंदलेला मोर. दुसरीचे लुगडे हिरवे, गुडघ्यापाशी लाल ठिगळ, चंद्रकोरीच्या आकाराचे.'"

त्रिंबकरावांनी चित्राकडं बघितलं. प्रथमच खाली बघितलं.

ते ठिगळ त्यांना ठाऊक होतं. एका हिवाळ्यात त्यांच्याच हातून शेगडीतला निखारा उडाला होता आणि बायकोच्या लुगड्याला भोक पडलं होतं. तिनं त्यावर लाल ठिगळ लावलं, आणि पुढं लुगडं जुनं झाल्यावर त्याची गोधडी शिवली. ती चंद्रकोर रोज पहाटे त्यांच्या नाकासमोर असे. दरसाल जमाबंदीला ते आठ दिवस बीडला जात. त्याच दिवसांत मुंजाजी नेकनूरच्या बैलबाजाराला जाई. चकलांब्याच्या मेव्हण्याच्या शेतात, आता आठवलं, आंब्याचं झाडच नव्हतं. वीस वर्षं सासुरवाडीला जाऊन ही पाहणी त्यांनी कधी केली नव्हती.

राग यायला हवा होता. अकरा वर्षं! पण राग यायच्या आधी त्यांची नजर चित्रातल्या सरस्वतीबाईंच्या तोंडावर गेली. मान मागं टाकून, दात दाखवून, पोट धरून त्या हसत होत्या. शेजारची साखराबाई त्यांच्या खांद्यावर कलंडलेली. अशी हसताना त्यांनी आपल्या घरात हिला कधी बघितलं होतं? आठवेना. त्यांना राग नाही आला, वाईट वाटलं. एवढं हसू बाईला बांधावर जाऊन, चोरून हसावं लागलं, याचं फार वाईट वाटलं.

"हां, तो पटवारीसाहेब," मुन्सिफसाहेब चष्म्यावरून म्हणाले, "आणि मुंजाजी पाटील. ह्या दोन औरती कोण? तुम्ही पहचानता काय?"

मागं बांगड्या किणकिणल्या. ओळखतो म्हणावं, तर दोघींची भर कचेरीत शोभा, आणि उद्या पाराला वर्षभराची करमणूक. नाही म्हणावं, तर वीस वर्षांत न घातलेलं खोटं अक्षर आज घालायचं.

मुंजाजी आधी बोलला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज खणखणीत. "न्हाई सायेब. ह्या बायांना म्या जल्मात पायलं न्हाई. आमच्याकडं मोर गोंदायची पद्धतच न्हाई."

मागं साखराबाईंनी घाईनं पदराखाली हात लपवला.

मुन्सिफसाहेब त्रिंबकरावांकडं वळले. त्रिंबकरावांनी घसा खाकरला. पगडी नीट केली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मुंजाजीकडं बघितलं, आणि मुंजाजीनं त्यांच्याकडं. अशी नजर त्यांनी यापूर्वी एकदाच बघितली होती, लहानपणी, दुसऱ्याच्या बोरीवर दगड मारल्यावर मालक आला तेव्हाची.

"साहेब," त्रिंबकराव म्हणाले, "सरकारदरबारी दप्तर चालतं. आमच्या दप्तरात अकरा वर्षं नोंद आहे: फळ वानरांनी नेले. मी वीस वर्षांत दप्तरात खोटं अक्षर घातलेलं नाही. सबब ही वानरं आहेत."

"वानरं?"

"वानरंच, सायेब," मुंजाजी ठासून म्हणाला. "लई हायेत आमच्याकडं."

"नऊवारीतली?"

"थंडीचे दिवस असतील," त्रिंबकराव म्हणाले. चित्र ऐन उन्हाळ्यातलं होतं, पण तो मुद्दा कुणी काढला नाही.

मुन्सिफसाहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग पेशकाराला सांगितलं, "लिहा. अकरा साल में पहिल्यांदा दोन्ही पक्ष एका गोष्टीवर राजी आहेत. झाड दोघांचं, फळ वानरांचं. तडजोडीचा राजीनामा मंजूर." मागच्या कोपऱ्यातून गुदमरल्यासारखा आवाज आला. दोघी पदरात तोंड खुपसून गदागदा हलत होत्या.

परतीला दोन्ही छकडे पालीला एकाच वेळी पोचले. नदीकाठी एकच चांगली सावली, तेव्हा दोघांना तिथंच सोडावं लागलं. सरस्वतीबाईंनी दशम्या काढल्या, साखराबाईंनी भाकरी. दोन बरण्या उघडल्या. त्रिंबकरावांनी मुंजाजीच्या बरणीतली एक फोड उचलून तोंडात टाकली. मुंजाजीनं यांच्यातली.

"हे कुठलं म्हणायचं?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"पालीचं. हिच्या भनीकडलं," मुंजाजी म्हणाला. "अकरा साल झाले, मी गावाला सांगायलोय, आंबा असावा तर पालीचा." त्यानं दुसरी फोड चघळली. "तुझं?"

"चकलांब्याचं."

मुंजाजी हसायला लागला, ते थांबेचना. "खा बे, त्रिंबक. अकरा साल एका झाडाचं खाल्लं आपण, अन बोललो मातर न्हाई." त्रिंबकरावांना ठसका लागला. तिखटाचा असावा, पण डोळे पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

"मला वानर म्हनलात," सरस्वतीबाई घरी जाताना म्हणाल्या. "भर कचेरीत, मुन्सफासमोर."

"तू तर मला अकरा वर्षं चकलांबा खाऊ घातलास."

"मग! तुमाला चित्रात बांध दिसला, बायकू न्हाई दिसली." हे मात्र त्यांनी हसत म्हटलं नाही. त्रिंबकरावांनी छकड्यात मागं वळून, चांगलं निरखून, बायकोकडं बघितलं. बैल आपणच चालत राहिले.

पुढच्या साली खुरदादात बीडला जमाबंदीचे हुजूर लिंबागणेशचं दप्तर तपासत होते. फळझाडांच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. "पटवारी, हे काय? दरसाल नुसतं 'वानरांनी नेले.' यंदा गिनती पण?"

"नजरेखालून सुटलं होतं, हुजूर," त्रिंबकराव म्हणाले. "यंदा जातीनं हजर राहून पाहणी केली."

पानावर त्यांच्याच रेखीव अक्षरात लिहिलं होतं: 'बांधावरील आंबा एक. फळ वानरांनी नेले. वानरे चार.'